भूतदयेला लशीचे कवच हवे

भटक्या कुत्र्यांविषयी या सदराकडे येणाऱ्या पत्रांचे सरळ दोन गट पडतात. पहिल्या गटातील वाचक म्हणतात, "डॉक्टर, रात्री दुचाकीवरून घरी जाणे मुश्किल झाले आहे. या कुत्र्यांचा बंदोबस्त कोण करणार?" दुसऱ्या गटातील वाचक विचारतात, "आमच्या गल्लीतल्या कुत्र्याचा पाय मोडला आहे. कोणाला सांगावे?" दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि दोघांचीही अडचण खोटी नाही. पण एक तिसरा गट आहे. तो पत्र लिहीत नाही, कारण त्याला वेळ नसतो. जखमी कुत्र्याला पोत्यात गुंडाळून पशुवैद्याकडे नेणारी, गटारात अडकलेली पिले काढणारी, स्वतःच्या पगारातून औषधे आणणारी ही मंडळी आपल्या प्रत्येक पेठेत दोन-चार तरी आहेत. माझी आणि त्यांची गाठ पडते ती बहुधा हाताला रुमाल बांधून ती दवाखान्यात येतात तेव्हा. आजचा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्याकडे लांबून पाहणाऱ्या आपल्या सर्वांसाठीही आहे.

जुनी परंपरा

कुत्र्यावर दया करणे ही काही शहरी फॅशन नव्हे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. आपल्या जिल्ह्यातील नृसिंहवाडीला जाणाऱ्या भाविकाला दत्तमहाराजांच्या पायाशी बसलेली चार कुत्री परिचित आहेत.

मुंबईत १८३२ साली सरकारने भटकी कुत्री मारण्यासाठी प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस ठेवले. कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजाने त्याविरुद्ध जून महिन्यात एवढी मोठी निदर्शने केली की शहराचा व्यवहार ठप्प झाला. त्याच मुंबईत १८७४ साली प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था निघाली. पुढे १८८३ साली सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. त्याला त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचे नाव दिले आहे.

कुत्री मारून संख्या कमी होत नाही, हे अनुभवाने कळले. एका गल्लीतील कुत्री नाहीशी झाली की मोकळ्या जागेत आणि मोकळ्या उकिरड्यावर शेजारची कुत्री येतात. कुत्रीचा गर्भकाळ अवघा दोन महिन्यांचा, आणि ती साधारण वर्षातून दोनदा माजावर येते. तेव्हा जागा भरून निघायला वेळ लागत नाही. म्हणून चेन्नईच्या ब्लू क्रॉस संस्थेने १९६४ पासून कुत्र्यांचे निर्बीजीकरण करून त्यांना जागच्या जागी सोडण्याचा मार्ग धरला. तेथील महापालिकेने तो १९९६ साली स्वीकारला. केंद्र सरकारने २००१ साली तसे नियम केले आणि २०२३ साली ते नव्याने आणले. कानाचा शेंडा कापलेले कुत्रे दिसले, तर त्याची शस्त्रक्रिया झाली आहे असे समजावे.

अपयशाचा वाटा

या कामात यश मोजकेच आणि अपयश फार, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला सापडलेल्या पाच पिलांपैकी आठवड्याने दोनच उरतात. पार्व्हो नावाच्या विषाणूने रक्ताचे जुलाब होतात आणि सकाळी खेळणारे पिलू रात्री गतप्राण होते. डिस्टेंपर झालेले कुत्रे महिनाभर सेवा करूनही झटके येऊन जाते. जखमेत अळ्या पडलेल्या कुत्र्याची रोज साफसफाई करून जखम भरत आणावी, तोच ते पुन्हा एखाद्या गाडीखाली सापडते. हौसेने पिलू घरी नेणारे लोक ते मोठे झाल्यावर चार महिन्यांनी "भुंकते फार" म्हणून परत आणून सोडतात. शेजाऱ्यांची बोलणी असतात ती वेगळीच.

खर्चाचेही तसेच आहे. पायाच्या हाडाची शस्त्रक्रिया, सलाईन, लस, रिक्षाभाडे हे सारे कुणाच्या तरी खिशातून जाते. माझ्याकडे येणारा एक तरुण गॅरेजमध्ये काम करतो. महिनाअखेरीस त्याच्या खिशात स्वतःच्या खोकल्याच्या औषधाला पैसे नसतात. पण कुत्र्याच्या औषधाची उधारी मात्र फेडलेली असते.

औदार्याचा वाटा

आता दुसरी बाजू पाहू. हे काम टिकते ते मोठ्या देणग्यांवर कमी आणि लहान लहान हातांवर जास्त. फी न घेणारा पशुवैद्य, खरेदीच्या भावात औषध देणारा दुकानदार, "राहू दे, दादा" म्हणून भाडे न घेणारा रिक्षावाला, शिल्लक भाकरी बाजूला ठेवणारी खानावळीतील मावशी, थंडीत जुनी पोती आणून देणारी शाळकरी मुले. यांची नावे कोणत्याही अहवालात नसतात.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शहरात शिरले. तेव्हा नावेत माणसांबरोबर कुत्री-मांजरे घेणारे लोक आपण सर्वांनी पाहिले. शेजारच्या सांगलीतून 'अ‍ॅनिमल राहत' ही संस्था २००३ पासून आपल्या भागात काम करते. बैलांसाठी सुरू झालेल्या या संस्थेचे लोक विहिरीत पडलेली कुत्री काढण्यासाठीही धावतात. आपल्याकडे शेतात कठडा नसलेल्या विहिरी अजून आहेत, तोवर हे काम संपणार नाही.

एवढे औदार्य असलेल्या माणसांकडून एकाच गोष्टीची कंजूषी होते. ती म्हणजे स्वतःच्या जिवाची काळजी. डॉक्टर म्हणून मला बोलायचे आहे ते याबद्दल.

"चावलं नाही ओ, नुसता दात लागलाय"

हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल याची गणती नाही. "पिल्लूच होतं", "माझ्याच हातचं खाल्लेलं कुत्रं आहे", "रक्त कुठं आलंय?" ही त्याची भावंडे. २०२५ साली उत्तर प्रदेशातील एका तरुण कबड्डीपटूने नाल्यात पडलेले पिलू बाहेर काढले. काढताना त्याच्या बोटाला पिलाचा दात लागला. किरकोळ जखम म्हणून त्याने लस घेतली नाही. सुमारे दोन महिन्यांनी रेबीजने त्याचा मृत्यू झाला. २०२४ साली आपल्या कोल्हापुरातही रेबीजने एक तरुण जीव गेला. दया करणाऱ्याला रोग सूट देत नाही.

रेबीजचा विषाणू रोगी जनावराच्या लाळेत असतो. चाव्यातून, ओरखड्यातून किंवा उघड्या जखमेवर चाटल्याने तो शरीरात शिरतो. तो रक्तातून पसरत नाही, मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला साधारणपणे एक ते तीन महिने लागतात. कधी आठवडाभर पुरतो, तर कधी वर्ष जाते. चेहरा, मान, हाताची बोटे येथील जखम अधिक धोक्याची, कारण तेथे मज्जातंतू दाट असतात आणि चेहऱ्यापासून मेंदू जवळ असतो. विषाणू मेंदूत पोहोचून पाण्याची भीती, घशाला आचके, भ्रम ही लक्षणे दिसू लागली की आजही त्यावर उपाय नाही. म्हणजे आपल्या हाती जो वेळ आहे, तो लक्षणे दिसण्यापूर्वीचाच.

देशात २०२२-२३ साली झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात, आणि त्यांतील तीन-चतुर्थांशांहून अधिक चावे कुत्र्यांचे असतात. रेबीजने होणाऱ्या मृत्यूंचा अंदाज वर्षाला सुमारे ५,७०० आहे. चावा बसलेल्यांपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा लोक लशीचा एकही डोस घेत नाहीत. हे मृत्यू टाळता येण्याजोगे असतात, म्हणून ते अधिक दुःखाचे.

चावल्यावर काय करावे?

१. प्रथम नळ उघडा. वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पूर्ण पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटेही पंधरा वाटतात. साबणाने विषाणूचे बाहेरचे स्निग्ध आवरण फुटते. हा उपाय फुकट आहे, घरात आहे आणि सर्वांत आधीचा आहे.

२. हळद, चुना, मिरचीपूड, तंबाखू, कॉफी यांपैकी काहीही जखमेत भरू नका. त्याने जखम चिघळते आणि विषाणू खोल जातो. धुऊन झाल्यावर पोव्हिडोन आयोडीन लावावे. जखम घट्ट बांधू नये. टाके घालायचे की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्यावे.

३. त्याच दिवशी दवाखाना गाठा. धड त्वचेवर नुसते चाटले असेल तर धुणे पुरेसे असते. रक्त न येता ओरखडा उठला असेल तर लस हवी. रक्त आले असेल, किंवा फुटलेल्या त्वचेवर, डोळ्यांत वा तोंडात लाळ गेली असेल, तर लशीबरोबर जखमेतच 'इम्युनोग्लोब्युलिन' हे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही हवे. लशीने शरीर स्वतःची प्रतिपिंडे तयार करते, पण त्याला काही दिवस लागतात. तोपर्यंतचा पहारा हे इंजेक्शन करते. म्हणून "लस घेतली, आता ते दुसरे कशाला?" असे म्हणू नका.

४. डोस अर्धवट सोडू नका. दंडात घ्यावयाची लस पहिल्या दिवसापासून मोजून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घेतात. सरकारी रुग्णालयांत बहुधा त्वचेत टोचतात. तेव्हा एका वेळी दोन जागी टोचून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा बोलावतात. पोटातील चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून काही वडीलधाऱ्यांच्या मनात आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. गरोदर स्त्री, अंगावर पाजणारी आई, तान्हे मूल या सर्वांना आजची लस देता येते.

५. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवता आले तर ठेवा, पण त्याची वाट पाहत लस लांबवू नका. दहा दिवसांनी कुत्रे ठणठणीत असेल तर पुढचे डोस द्यावेत की नाही ते डॉक्टर ठरवतील.

चावण्याआधीची लस

आता खास या मंडळींसाठी एक गोष्ट, जी पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांचा कुत्र्यांशी रोजचा संबंध आहे, त्यांनी चावण्याची वाट न पाहता आधीच लस घेऊन ठेवावी. तिचे तीन डोस असतात. पहिला डोस आज घेतला तर दुसरा सातव्या दिवशी आणि तिसरा एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. पुढे कधी चावा बसला तर जखम तशीच धुवायची. मात्र लगेच आणि तिसऱ्या दिवशी असे दोनच डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. रात्री-अपरात्री, आडगावात, पुरात काम करणाऱ्याला याचे मोल फार आहे. तीन डोसांची तारीख लिहिलेला कागद पाकिटात ठेवावा.

डिस्टेंपरची आणि रेबीजची लक्षणे पुष्कळदा सारखी दिसतात. लाळ गळणे, लडखडणे, झटके येणे. अनुभवी माणसालाही नुसते पाहून फरक सांगता येत नाही. तेव्हा अशा कुत्र्याच्या तोंडात पाणी घालायला बोटे घालू नका. जाड हातमोजे, जाड गोधडी किंवा जाळी वापरा आणि पशुवैद्याला बोलवा. वेदनेने कळवळणारे कुत्रे आपल्या ओळखीच्या माणसालाही चावते. त्यात त्याचा दोष नाही आणि तुमचाही नाही.

रेबीजखेरीज इतर त्रासही आहेत. खरूज झालेल्या कुत्र्याला हाताळल्यावर हातापोटावर खाज सुटते. गजकर्णही पिलांकडून माणसाला येते. कुत्र्यांच्या विष्ठेने दूषित मातीत अनवाणी चालल्यास आकडीकृमीच्या अळ्या त्वचेखाली नागमोडी रेषा उठवतात. साचलेल्या पाण्यात काम करताना पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. पुरानंतर ताप आला तर तो अंगावर काढू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेवर घ्यावे. पायांत बूट, हातांत मोजे, आणि काम झाल्यावर जेवणाआधी साबणाने हात धुणे एवढ्याने यांपैकी बरेच टळते.

मनाचा थकवा

शरीराच्या जखमा दिसतात, मनाच्या दिसत नाहीत. रोज मरण पाहणाऱ्या परिचारिकेला जसा थकवा येतो तसाच या कामातही येतो. झोप लागत नाही, लहानसहान गोष्टींवरून चिडचिड होते, फोन वाजला की छातीत धडधडते. "मी गेलो असतो तर वाचलं असतं" हा विचार पाठ सोडत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका ताईंचा रक्तदाब औषध वाढवूनही उतरत नव्हता. चौकशी केली तेव्हा कळले की सहा महिन्यांत त्या एकही रात्र सलग झोपलेल्या नव्हत्या आणि दोन खोल्यांच्या घरात अकरा कुत्री होती.

अशांना माझे सांगणे असते की, ताई, विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असतो, आणि दोर धरायला वर माणसे असतात. एकट्याने सर्व करू नका. आळीपाळीने जा. आठवड्यात एक रात्र फोन दुसऱ्याकडे द्या. घरात किती जनावरे नीट सांभाळता येतील याचा आकडा आधीच ठरवा आणि तो मोडू नका. "नाही" म्हणणे म्हणजे निर्दयपणा नव्हे. उदासी पंधरा दिवसांहून अधिक टिकली तर संकोच न करता डॉक्टरांना सांगा. एखादे पिलू गेले म्हणून आलेले रडू हे हसण्यासारखे नाही, हे घरच्यांनीही ध्यानात घ्यावे.

याने खरेच काही होते का?

होते. शेजारचा गोवा पाहा. तेथे राज्य सरकार आणि 'मिशन रेबीज' या संस्थेने मिळून कुत्र्यांच्या लसीकरणाची मोहीम चालविली. पशुवैद्य आणि स्वयंसेवक जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरले. शाळांतून मुलांना धडे दिले. वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस टोचली जाऊ लागली, आणि २०१७ पासून शंभरातील सत्तर कुत्र्यांपर्यंत लस पोहोचली. गोव्यात २०१४ साली रेबीजने १७ माणसे दगावली होती. २०१८ आणि २०१९ साली एकही नाही. २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रित म्हणून जाहीर झाला. शंभरातील सत्तर कुत्री सुरक्षित झाली की विषाणूला पुढे जायला वाट मिळत नाही. म्हणजे गल्लीतल्या कुत्र्याला टोचलेली लस शेवटी आपल्या नातवंडांचे रक्षण करते.

कुत्र्यांची तक्रार करणारा वाचक आणि त्यांना खाऊ घालणारा वाचक यांचे हित येथे एकच होते. दोघांनाही लस टोचलेली, संख्येने मर्यादित आणि शांत कुत्री हवी आहेत.

आपण काय करू शकतो?

खाऊ घालणाऱ्यांनी शाळेच्या दारात, अरुंद बोळात, लोकांच्या उंबऱ्यावर घालू नये. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये यासाठी ठरावीक जागा असावी असे म्हटले आहे. खाऊ घालता त्या कुत्र्याचे निर्बीजीकरण आणि लस झाली आहे का, हे पाहणे हाही भूतदयेचाच भाग. मटणाच्या रस्स्यातील शिजलेली हाडे घालू नका. ती फुटून त्यांचे टोकदार तुकडे आतड्याला इजा करतात. आपल्या डब्यातील पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कुत्र्याला देऊ नका, ते त्याला विषासारखे बाधू शकते.

ज्यांना कुत्र्याला हात लावण्याची भीती वाटते त्यांनीही संकोचू नये. जुनी चादर, पोते, रद्दी, एका लशीचे पैसे, एक वेळचे रिक्षाभाडे यांतील काहीही चालते. शेतातील विहिरीला कठडा बांधा. मुलांना शिकवा की खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिलांजवळच्या कुत्रीला हात लावू नये. आणि चावले किंवा ओरखडले तर मार पडेल या भीतीने लपवू नये, लगेच घरी सांगावे. मूल सांगायला आले तर आधी त्याला रागवू नका, आधी नळाखाली न्या.

आणि आपल्या गल्लीत असे काम करणारा एखादा दादा, एखादी ताई असेल, तर एकच विचारा: "लस घेतली आहे का?" उत्तर "नाही" आले तर त्यांना सोबत घेऊन या आठवड्यातच जवळच्या दवाखान्यात जा.